सौर कृषिपंप चालतो कसा, आणि त्याने पर्यावरणाचं भलं होतं की नुकसान?

तुम्ही विहिरीवर सौरपंप घ्यावा का, असं विचारलंय. मी घ्या म्हणेन. आमच्या जुन्नर भागात रात्रीच्या लाइटवर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणं जिवावरचं काम आहे. उसात बिबट्या, पायाखाली साप. दिवसा पाणी मिळणं हाच याचा सगळ्यात मोठा फायदा.

पॅनलमधले सेल सिलिकॉनचे असतात. ऊन पडलं की त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि सेलच्या दोन थरांच्या रचनेमुळे एकाच दिशेने वाहतात. एका सेलचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून असे खूप सेल एकामागे एक जोडतात. ती डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज कंट्रोलर नावाची पेटी मोटरला चालेल अशी करते आणि उन्हाप्रमाणे मोटरचा वेग बदलते. बॅटरी नसते. ढग आले की पाणी मंदावतं, त्यामुळे शेततळं असेल तर उत्तम.

पॅनल जितकं तापेल तितकी वीज जास्त, असं मात्र नाही. पॅनलची क्षमता सेलचं तापमान 25 अंश धरून सांगितलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के घट. धूळ सकाळीच धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

चालताना धूर नाही, पण सिलिकॉन शुद्ध करायला प्रचंड उष्णता लागते आणि हे काम बहुतेक चीनमध्ये होतं, जिथे बरीचशी वीज कोळशाची. तरी आपल्या उन्हात ती ऊर्जा दोनेक वर्षांत भरून निघते आणि पॅनल 25 वर्षं चालतं. फुटलेल्या पॅनलची मात्र काळजी वाटते. 2022 च्या ई-कचरा नियमांत ती आली आहेत, पण गावात ती घेणारा कुणी मला दिसलेला नाही.

खरा धोका जमिनीखाली आहे. डिझेल असताना दर तासाचा खर्च टोचायचा, आता मोटर बंद करायला कारणच उरत नाही. उसाला पाटाने पाणी सोडून दिलं की बोअर आटणारच. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या राज्य सरकारच्या योजनेत पंपाचा एचपी, म्हणजे ताकद, जमिनीवरून ठरतो: अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5, पुढे 7.5. विहिरीत पाणी किती, यावर एचपी ठरत नाही. ते तुम्हीच बघा. मार्च-एप्रिलमध्ये उपसा केल्यावर विहीर किती वेळात भरते ते मोजा, पाणी कमी असेल तर कमी एचपीचा पंप मागा, तो मागता येतो. आणि पंपाच्या आधी ठिबक करून घ्या.