वाचकांचे प्रश्न : सेवेच्या अटीवरील शिष्यवृत्ती आणि तिची मुलाखत

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील जांबोटी भागात राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, बारावी विज्ञान शाखेतून बेळगावात झाली आणि आता बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. एका धर्मादाय संस्थेने चारही वर्षांची फी आणि वसतिगृहाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. अट एवढीच, की शिक्षण झाल्यावर संस्था सांगेल त्या ग्रामीण आरोग्य केंद्रात तीन वर्षे सेवा करायची. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. ‘ही शिष्यवृत्ती का हवी?’ असे विचारल्यावर घरची परिस्थिती सांगावी की सेवेची आवड? माझे इंग्रजी कच्चे आहे आणि कन्नड कामापुरते येते. पुढे एम.एस्सी. करायचे आहे असे सांगितले तर नाव कापले जाईल का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : परिस्थिती आणि आवड या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर दोन्ही अवश्य सांगा; मात्र तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. फी भरायला पैसे नाहीत ही अडचण समितीसमोर बसलेल्या बहुतेक मुलामुलींची असते, आणि सेवेची आवड तर प्रत्येकाच्याच तोंडी असते. संस्था एका विशिष्ट गावासाठी माणूस शोधत असते. अशा योजना जगात जिथे जिथे चालतात तिथे हाच हिशेब असतो. अमेरिकेतील नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरच्या शिष्यवृत्तीत मदतीच्या प्रत्येक वर्षामागे एक वर्ष, पण किमान दोन वर्षे, डॉक्टर-परिचारिकांची टंचाई असलेल्या भागात काम करावे लागते, आणि करार मोडणाऱ्याकडून दिलेल्या रकमेच्या तिप्पट वसुली व्याजासह होते. जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठ 1972 मध्ये याच हेतूने स्थापन झाले. तेथील पदवीधर साधारण नऊ वर्षे आपल्या प्रांतात सेवा देतात आणि त्यांचे शिक्षणशुल्क माफ होते. तेव्हा समितीच्या मनातला खरा प्रश्न असा असतो, की तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात ही मुलगी त्या केंद्रात असेल का?

याचे उत्तर विशेषणांनी देता येत नाही, पाहिलेल्या गोष्टींनी देता येते, आणि तुमच्या भागात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मुलाखतीपूर्वी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, गावातल्या आशाताईंबरोबर एक दिवस घरोघरी हिंडा. चंदगड तालुक्यातून खानापुरात सून म्हणून आलेल्या एखाद्या गरोदर बाईचे उदाहरण घ्या. तिची नोंदणी इथे होते आणि तिला मिळणारे तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचे माता कार्ड, कन्नडमध्ये असते. पहिल्या बाळंतपणासाठी ती सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी, म्हणजे महाराष्ट्रात जाते. इथे झालेल्या तपासण्या, दिलेली इंजेक्शने, रक्तातील हिमोग्लोबिनचे आकडे सगळे त्या कार्डावर असते, पण माहेरच्या उपकेंद्रात ते वाचणारे कोणी असेलच असे नाही. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असलेल्या गरोदर बाईला रोज लोहाच्या गोळ्यांची गरज असते. त्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, मळमळते, आणि कोणी नीट समजावले नाही तर पुडके फळीवर तसेच पडून राहते. तिच्याशी मराठीत बोलून, कार्ड कन्नडमध्ये वाचून आणि चंदगडच्या परिचारिकेला फोन करून हे सगळे सांभाळणारी व्यक्ती त्या संस्थेला हवी असेल, आणि तशी होण्याची शक्यता तुमच्यात इतर अनेकांपेक्षा जास्त आहे. असे एखादे घर पाहून आल्यावर तिथे काय अडले आणि तुम्ही काय करू शकला असता, एवढे सांगितले तरी समिती कान देऊन ऐकेल.

अंतराचाही विचार करून जा. शासनाच्या निकषानुसार सपाट भागात 5,000 आणि डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. पण भीमगड अभयारण्यातील वाड्यांना हा आकडा फारसा उपयोगी पडत नाही, कारण तिथे माणसे थोडी आणि वाटा लांब. कणकुंबीच्या पावसात ओढे भरले की रुग्णाला खांद्यावरून आणावे लागते. ‘रात्री बाई अडली, डॉक्टर नाहीत आणि 108 ला फोन लागत नाही, तर काय कराल?’ असे हमखास विचारतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीकडून वैद्यकीय उत्तराची अपेक्षा कोणी करत नाही. आपल्या अधिकारात काय येते, कोणाला आधी बोलवायचे आणि बाईला वेळेत पुढे हलवण्यासाठी गावातून काय मदत घ्यायची, याचे भान आहे का, हे त्यांना पाहायचे असते. न येणारे येते म्हणणारा उमेदवार आरोग्यसेवेत धोक्याचा असतो. निवड समित्यांवर बसताना, ‘हे मला अजून माहीत नाही, पण मी अमुक व्यक्तीला विचारेन’ असे म्हणणाऱ्या मुलींवर माझा विश्वास नेहमी अधिक बसला आहे.

इंग्रजीची धास्ती सोडा. सुरुवातीलाच, ‘माझे शिक्षण मराठीतून झाले आहे, अडले तर मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगितले तर चालेल का?’ असे नम्रपणे विचारा. पाठ केलेले इंग्रजी दुसऱ्या उपप्रश्नालाच उघडे पडते. कन्नडबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन, की आजपासून वाचायला आणि लिहायला लागा. सीमाप्रश्नाविषयी आपल्या घराची जी भूमिका असेल ती असो. पण कर्नाटकातील आरोग्य केंद्रांत नोंदवह्या, औषधांची मागणीपत्रे आणि वरिष्ठांची परिपत्रके कन्नडमध्ये असतात, आणि संस्थेने तुम्हाला सौंदत्ती किंवा रामदुर्गकडे पाठवले तर रुग्णही कन्नडच बोलणार. त्या बाईला तिच्या भाषेत धीर देता आला पाहिजे. आपले कन्नड सध्या किती आहे आणि ते वाढवण्यासाठी आपण काय करतो आहोत, हे खरे सांगा.

एम.एस्सी.ची इच्छा लपवू नका. या अभ्यासक्रमाला बी.एस्सी.नंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतोच, त्यामुळे सेवेची वर्षे तुमच्या वाटेत आडवी येत नाहीत. ‘आधी तीन वर्षे पूर्ण करीन, मग शिकेन’ हे उत्तर सरळ आहे. लग्नाबद्दल विचारले, आणि मुलींना अजूनही विचारतात, तर चिडू नका; कराराची वर्षे मी पूर्ण करणार आहे आणि घरच्यांना त्याची कल्पना दिली आहे, एवढे शांतपणे सांगा. अर्थात ती कल्पना घरी खरोखर दिलेली असली पाहिजे. हे बोलणे मुलाखतीच्या आदल्या रात्री नको, आताच करा.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणतील. तेव्हा राहण्याची सोय कुठे, पगार किती, रात्रपाळीला सोबत कोण, आजारपणामुळे सेवा लांबली तर काय, हे बेलाशक विचारा. तीन वर्षे देणाऱ्या माणसाने हे विचारणे आगाऊपणाचे नाही. उलट जिने काहीच विचारले नाही तिने कराराचा विचार केला आहे की नाही, अशी शंका समितीला येते.

प्रश्न : माझ्या मुलाला फिजिओथेरपीच्या शिक्षणासाठी अशीच शिष्यवृत्ती मिळण्याच्या बेतात आहे. संस्था माझी जामीनदार म्हणून सही मागते आणि मुलाची मूळ गुणपत्रिका ठेवून घेणार म्हणते. सही करावी का? — एक पालक, निपाणी

उत्तर : कराराचा मसुदा मुलाखतीच्या आधी मागून घ्या, निवड झाल्यावर आनंदाच्या भरात कोणी कलमे वाचत नाही. भारतीय करार कायदा, 1872 नुसार जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे म्हटले नसेल तर, मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणजे मुलाने सेवा सोडली तर वसुलीची नोटीस थेट तुमच्या नावे येऊ शकते. त्याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात कितीही मोठा आकडा लिहिला तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. पण त्या भरवशावर सही करू नये, कारण न्यायालयाची पायरी चढण्यातच वर्षे जातात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील सक्तीच्या सेवेचे करार सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये वैध ठरवले आहेत, तेव्हा ‘असे करार टिकत नाहीत’ हे कट्ट्यावरचे मत मनावर घेऊ नका. मुलगा अठरा वर्षांचा पूर्ण झालेला नसेल तर त्याच्या स्वतःच्या सहीने करार होत नाही, हेही पाहा.

मूळ गुणपत्रिका देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांनाही विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे. मग देणगीदार संस्थेला ती ठेवून घेण्याचे कारण नाही. मूळ प्रत दाखवून साक्षांकित प्रत द्यावी. मसुदा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर ओळखीच्या वकिलाकडून तो मराठीत वाचून घ्या. सेवा अर्धी झाल्यावर सोडावी लागली तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते की पूर्ण भरावी लागते, हे कलम सर्वांत आधी पाहा. प्रमाणात कमी होत असेल आणि घरातील मिळकत त्या रकमेचा भार सोसू शकत असेल तर सही करायला हरकत नाही. पूर्ण भरावी लागत असेल तर ते कलम बदलून देण्याची लेखी विनंती मुलाने मुलाखतीच्या वेळीच समितीपुढे ठेवावी.