लाळ्या खुरकूत येऊन गेली, आता नवीन गाई कधी आणू?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आमचा गोठा विट्याजवळ आहे. दिवाळीनंतर लाळ्या खुरकूत आली, दोन वासरं गेली. चार गाई बऱ्या झाल्यात, वैरण खातात. बँकेचा हप्ता चालूय म्हणून बाजारातनं तीन एचएफ (होल्स्टीन फ्रिझियन, जास्त दुधाची विदेशी जात) गाई आणायच्या म्हणतोय. गोठा फिनेलनं धुतलाय, चालेल का?

उत्तर: दादा, लगेच नका आणू. वासरं गेली याचं फार वाईट वाटलं, हा रोग लहान वासरांच्या थेट हृदयावर जातो, म्हणून मोठी जनावरं वाचतात आणि वासरू बघता बघता कोसळतं.

तुम्ही गोठ्याचं विचारलं, पण मला जास्त काळजी त्या चार बऱ्या झालेल्या गाईंची आहे. फोड भरले, खुरं सुकली की रोग गेला असं आपण धरतो, पण काही गाईंच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने राहतो, क्वचित तीन वर्षंसुद्धा. त्यांच्यापासून लागण होतेच असं नाही, तरी बिनलसीची गाय शेजारी बांधणं म्हणजे विषाची परीक्षा. त्यामुळं विकणाऱ्याच्या गोठ्यातच लस होऊ द्या, पहिलीच असेल तर महिन्याभरानं बूस्टर, आणि मगच गाडीत चढवा. कानातल्या टॅगचा १२ आकडी नंबर सरकारी दवाखान्यात दाखवला की लसीची नोंद आहे का ते कळतं, तोंडी भरवशावर जाऊ नका. खरं तर बाजारापेक्षा ओळखीच्या गोठ्यातनं घेतलेली बरी.

फिनेलला हा विषाणू फारसा दाद देत नाही. आधी शेण, उष्टी वैरण, गव्हाणीतला चिकटा सगळं खरवडून काढा, घाणीवर औषध मारून काही होत नाही, मग १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून गव्हाण, दावं, बादल्या, भिंती सगळं भिजवून घ्या. मातीची जमीन असेल तर वरचा थर काढून चुना टाका. त्यानंतर निदान महिनाभर थांबा.

तिन्ही एकदम नकोत, आधी एकच आणा. तिला २१ दिवस लांब वेगळी बांधा, तिची धार शेवटी काढा, भांडी वेगळी ठेवा, कारण लागण झाल्यावर लक्षणं दिसायला १४ दिवससुद्धा लागतात आणि ती स्वतःच रोग घेऊन आलेली असू शकते. ब्रुसेला या गाभ पाडणाऱ्या रोगाची रक्ततपासणीही त्याच दिवसांत उरका. या काळात लाळ गळाली, पाय झटकायला लागली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा आणि गोठ्यातलं एकही जनावर बाहेर विकू नका.