भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, मग डेलाइट सेव्हिंगचा, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढं ठेवायच्या पद्धतीचा, आपल्या सर्व्हरला त्रास का व्हावा?

हाच प्रश्न मला आमच्या साहेबांनी विचारला होता. रविवारी दुपारी, ताटात तांबडा रस्सा वाढलेला असताना, फोनवर.

शिरोलीच्या एका फौंड्रीचं कॉम्प्युटरचं काम मी बघायचो. माल अमेरिकेला जायचा. आठवड्याचा कंटेनर भरला की गिऱ्हाइकाच्या सिस्टीमला आपोआप मेसेज, साहेबांच्या मोबाईलवर त्याची कॉपी. सर्व्हर भाड्याचा आणि त्याचं घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेवर. यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेवर ठेवूया, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. साहेब म्हणाले, "गिऱ्हाईक तिकडं, मग वेळ बी तिकडचीच. जास्त शानपणा नको."

तो रविवार नोव्हेंबरचा पहिला. तिकडं रात्री २ वाजता घड्याळ परत १ वर येतं, म्हणजे दीड दोनदा वाजतो. आपल्याकडं एकदा सकाळी ११ ला, एकदा दुपारी १२ ला. आमचा प्रोग्रॅम दर मिनिटाला घड्याळ बघून दीडला मेसेज सोडणारा. त्यानं इमानेइतबारे दोन्ही वेळा सोडला. लॉगमध्ये ०१:३०, मग ०१:५९, मग ०१:००, आणि खाली परत ०१:३०. साहेबांचं एकच, "दोन कंटेनर कवा भरले? तूच दोनदा बटण दाबलंस."

मार्चच्या दुसऱ्या रविवारी उलटं. २ चे थेट ३ होतात, अडीच वाजतच नाही. अडीचला लावलेलं काम त्या दिवशी बुडू शकतं. युरोप तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो, त्यामुळं मधले काही आठवडे सगळ्यांच्या मीटिंगा तासभर सरकलेल्या.

यात नेटवर्कचा दोष शून्य. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरची घड्याळं जुळवणारी पद्धत, यूटीसीच वाटत असते, आणि यूटीसी कधी मागं जात नाही. घोळ होतो तो माणसाला दाखवायच्या वेळेवर प्रोग्रॅम चालवल्यानं. म्हणून सर्व्हर यूटीसीवरच हवा, यावर मी वाद घालत नाही.

हां, दोन गोष्टी राहिल्या. लिनक्सचे काही क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारे प्रोग्रॅम, हे आपापलं सांभाळून घेतात, आमचा प्रोग्रॅम घरगुती होता. आणि पुढच्या वर्षीची मीटिंग मात्र नुसत्या यूटीसीत साठवू नका. स्थानिक वेळ आणि अमेरिका/न्यूयॉर्क असं झोनचं नाव ठेवा. तिकडचं सरकार नियम बदलतं, २००७ पासून तारखा बदलल्याच की. टाइम झोनचा डेटाबेसही अपडेट ठेवा.

साहेबांनी शेवटी दीडचं काम सव्वाचारला ढकललं. चाललं, नाही कशाला म्हणू? पण घड्याळ न्यूयॉर्कचंच राहिलं, आणि बटणाचा आळ माझ्यावर.

साहेब, वाचत असाल तर सांगतो. पहिला मेसेज ११ ला गेला तेव्हा मी मटणाच्या दुकानात रांगेत होतो. माझ्यापुढं चौघं होते.