गोविंदराव टेंब्यांचं म्हणून मागे काय राहिलं?

प्रश्न असा आहे की ‘मानापमान’ या संगीत नाटकाला चाली देणारे पेटीवादक गोविंदराव टेंबे कधी आणि कुठे गेले, त्यांचं म्हणून नेमकं काय उरलं, आणि त्यांची ओळख करून घ्यायला कुठून सुरुवात करावी? ‘मानापमान’ची पदं नाटककार खाडिलकरांची, गाजवली बालगंधर्वांनी, चाली उत्तरेकडच्या ठुमऱ्या-दादऱ्यांवरून, म्हणजे तिकडच्या भावप्रधान उपशास्त्रीय गाण्यांवरून घेतलेल्या. मग टेंब्यांचं त्यात काय?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. टेंबे ९ ऑक्टोबर १९५५ रोजी दिल्लीत गेले. जन्म ५ जून १८८१चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. म्हणजे वय ७४. त्यांना घडवणारी माणसं तोवर गेलेली होती. गवई भास्करबुवा बखले १९२२ साली, गवई अल्लादियाखाँ १९४६ साली, खाडिलकर १९४८ साली. बालगंधर्व आणि नट गणपतराव बोडस हयात होते, पण संगीत नाटकाची सद्दी संपल्यासारखी झाली होती. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘सुवर्णतुला’, ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’ ही सगळी गाजलेली संगीत नाटकं १९६० आणि त्यानंतरची. जुना बहर ओसरलेला आणि नवा अजून यायचा, अशा मधल्या काळात टेंबे गेले. त्यांचं नाव मागे पडायला हेही एक कारण असावं असं मला वाटतं. दुसऱ्या बहरात नाट्यपदं पुन्हा घरोघरी पोचली, तेव्हा कौतुक गाणाऱ्यांच्या वाट्याला आलं. मूळ चाल बांधणारा माणूस सांगायला समोर नव्हता.

आता चालींचा मुद्दा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हा आक्षेप पुन्हा पुन्हा येतो आणि तो टेंब्यांवर अन्याय करणारा आहे.

तयार चालीवर पद बेतणं ही त्या काळची सर्रास रीत होती. जुन्या नाट्यपुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ म्हणून मूळ चिजेचे शब्द छापलेले दिसतात. कोणी काही लपवत नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त (१८८०) साक्या, दिंड्या, कामदा अशा जुन्या मराठी छंदांच्या, लावणीच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चाली होत्या. त्यामुळे चाल कुठून आली हे विचारून फारसं हाती लागत नाही. ती तिथे का आली आणि तिथे आल्यावर तिचं काय झालं, ते पाहायला हवं.

‘मानापमान’ हे खाडिलकरांचं पहिलं संगीत नाटक. किर्लोस्कर नाटक मंडळींनी १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ते रंगभूमीवर आणलं. श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते आणि मग वनमाला बनून त्याच्याच छावणीत जाऊन त्याच्यावर भाळते. या नाटकात रुसवा आहे, लाडीगोडी आहे, लपवाछपवी आहे, नजरेची भाषा आहे. आता सांगा, याला साकी-दिंडी पुरली असती का? ठुमरी हा प्रकारच मुळी रुसव्या-मनधरणीचा. ‘नाही मी बोलत’ म्हणत बोलतच राहायचं, तोच तुकडा दर खेपेला नव्या भावनेनं म्हणायचा, एकदा रागानं, एकदा लटक्या रागानं, एकदा जवळ यावं म्हणून. ही जागा ओळखून पूरब अंगाची, म्हणजे बनारसकडच्या ठुमरीच्या ढंगाची गायकी मराठी रंगभूमीवर आणणं, हा टेंब्यांचा निर्णय होता. आज तो इतका अंगवळणी पडला आहे की कोणाला तरी तो घ्यावा लागला होता हेच आपण विसरतो. पाच वर्षांनी खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ आलं तेव्हा भास्करबुवांनी ख्यालाच्या बंदिशींचा भारदस्त बाज आणला. ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ आणि ‘मानापमान’मधलं ‘नाही मी बोलत नाथा’ लागोपाठ ऐका, दोन्ही बालगंधर्वांच्याच आवाजात. गळा एक, चालकाराची दृष्टी दोन.

शब्द बसवण्याचं कामही कमी समजू नका. खाडिलकरांची पदरचना संस्कृतप्रचुर, जोडाक्षरांनी भरलेली. ‘युवती मना दारुण रण’ ही ओळ नुसती वाचली तर जीभ अडखळते. गाताना अडखळत नाही. का, ते पेटी पुढ्यात घेऊन हळू लयीत वाजवून बघा. कुठला स्वर लांबवला आहे आणि कुठली अक्षरं पटकन उरकली आहेत, ते बोटांना कळतं. मी साथीला बसतो, म्हणून ठामपणे सांगतो. गवई दम कुठे घेणार, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर कसा येणार, कुठे जागा मोकळी सोडली तर तो ती भरून काढेल, हे साथीदाराला ठाऊक असावं लागतं. टेंबे आधी पेटीवाले होते. कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीतसंस्थेतल्या बैठकी आणि भास्करबुवांची साथ यांत त्यांचा कान तयार झाला. बुवांची रीतसर तालीम त्यांना मिळाली नाही, तरी गुरू त्यांनाच मानलं. त्यांच्या चालींत गाणाऱ्याला मोकळी जागा मिळते ती या साथसंगतीमुळे, असं माझं मत आहे.

याचा पुरावा पुढच्या इतिहासात आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मुंबईत एकत्र प्रयोग केला, तो ‘मानापमान’चाच. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले. पुढे दीनानाथ मंगेशकरांनी धैर्यधराच्या पदांना आपल्या गळ्याचं वेगळंच तेज दिलं, चालींतही बदल केले. इतक्या परस्परविरोधी गायकींना एकाच नाटकात पाय रोवता आले.

टेंबे स्वतः नटही होते, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९१३ साली बालगंधर्व आणि बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळीच्या तीन मालकांपैकी ते एक. दोनेक वर्षांत बाहेर पडून त्यांनी स्वतःची ‘शिवराज’ कंपनी काढली. त्या कंपनीबद्दल इथे फार लिहीत नाही.

खरी नवलाची गोष्ट १९३२ची. ‘प्रभात’ फिल्म कंपनीनं कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट केला. त्यात हरिश्चंद्र टेंबे, तारामती दुर्गाबाई खोटे, आणि संगीतही टेंब्यांचंच. वय पन्नाशीचं. पार्श्वगायन अजून यायचं होतं. नटानं कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता गायचं आणि वाद्यवृंद चौकटीबाहेर बसून साथ करायचा. तेच हिंदी आवृत्तीसाठी पुन्हा. नाटकात पद रंगलं की ‘वन्स मोअर’ घेत कितीही लांबवता येतं. इथे फिल्म मोजून. अवघं आयुष्य मैफलीत आणि नाटकात घालवलेल्या माणसानं या नव्या माध्यमासाठी गाणं आटोपशीर केलं. मग ‘माया मच्छिंद्र’, ‘अग्निकंकण’, ‘सिंहगड’, ‘सैरंध्री’. ‘प्रभात’ पुण्याला गेल्यावर संगीताची धुरा संगीतकार केशवराव भोळ्यांकडे आली. मराठी चित्रपटसंगीताची पहिली पावलं नाट्यसंगीताच्या वळणानं पडली याचं मोठं श्रेय टेंब्यांना जातं.

एक गोष्ट मला आजही खटकते. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. ज्या वाद्याला टेंब्यांनी साथीच्या रांगेतून उठवून प्रतिष्ठा दिली, ते त्यांच्या अखेरच्या १५ वर्षांत देशाच्या रेडिओवर वर्ज्य होतं. पेटीत भारतीय संगीताचे बारीक स्वर, म्हणजे श्रुती, निघत नाहीत हे आक्षेप मला कळतात, पण सुरेल हातातली पेटी किती गाऊ शकते हे ज्यांच्याकडून शिकायचं, त्यांच्या हयातीत हे व्हायला नको होतं.

आता कुठून सुरुवात करावी, हे विचारलंच आहे म्हणून. ध्वनिमुद्रिका सापडतील तेव्हा ऐका, पण आधी त्यांची पुस्तकं मिळवा. ‘माझा संगीत व्यासंग’ पहिलं, ‘माझा जीवनविहार’ नंतर. अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्रही त्यांनी लिहिलं आहे. गाण्यावर मराठीत इतकं जाणतं आणि रसाळ लिहिणारे थोडेच. नवी प्रत मिळाली नाही तर जुन्या ग्रंथालयांत चौकशी करा. कोल्हापूरला गेलात तर देवल क्लबमध्ये गोविंदराव टेंबे रंगमंदिर आहे. तिथे एखादी बैठक असेल तर चुकवू नका. ‘अयोध्येचा राजा’ पाहताना चित्राच्या जुनाटपणाकडे लक्ष देऊ नका, टेंबे गात असतील तेव्हा फक्त त्यांच्या उच्चाराकडे कान ठेवा. पाहून झालं की इथे लिहा, मग ‘मानापमान’च्या एकेका पदावर बोलू.