ऑनलाइन आरपीजीमध्ये (म्हणजे पात्र घेऊन, राक्षस मारत लेव्हल वाढवत न्यायच्या गेममध्ये) खालच्या आणि मधल्या लेव्हलला लोक कंटाळून सोडून जातात. त्यांना धरून कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की चौघा मित्रांनी मिळून छोटासा ऑनलाइन आरपीजी उभा केलाय, पन्नासेक लोक येतात, आणि लेव्हल १५ ते ४०च्या मध्ये निम्मे गायब होतात. मग एक्स्पी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, तिप्पट करून त्यांना भराभर वर न्यावं का?

नका नेऊ. २००७च्या उन्हाळ्यात ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत, हेच होताना मी बारा मशीनवर बघितलंय. ज्या मित्राने ते केलं तो आजही मानत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर कॅफे. तासाला पंधरा रुपये. एसी एकच, तोही गल्ल्यावर बसलेल्या काकांच्या डोक्यावर. मी आणि माझा मित्र इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. काकांची मशीनं फॉरमॅट करून द्यायची आणि बदल्यात फुकट बसायचं, असा व्यवहार होता. पोरं यायची ती काउंटर-स्ट्राइक नाहीतर व्हाइस सिटी खेळायला. आम्ही कोपऱ्यातल्या पी-फोरवर ईअथेना चढवलं, म्हणजे रॅग्नरॉक ऑनलाइनचा घरगुती सर्व्हर, आणि लॅनवर सोडून दिला. भारनियमनात सर्व्हर बंद पडून पोरांची मेहनत वाया जायला लागली, तेव्हा दोघांनी अर्धे-अर्धे पैसे काढून यूपीएसला नवी बॅटरी घातली. इतकं वेड होतं.

रॅग्नरॉकची सुरुवात कुणाला रटाळ वाटते, मला नाही. त्यात तुम्ही नॉव्हिस म्हणून जन्माला येता आणि तुम्हाला काहीच येत नाही. खरंच काही नाही. ‘बेसिक स्किल’चा पहिला पॉइंट टाकला की दुसऱ्याशी देवाणघेवाण करता येते, दुसरा टाकला की चेहऱ्यावरचे हावभाव, आणि तिसरा टाकल्यावर खाली बसता येतं. बसलं की रक्त लवकर भरतं, त्यामुळे बसता येणं ही चैन नसून गरज असते. पहिल्या दिवशी पोरं ओरडायची, "दादा, मला बसता यायला लागलं!" आता मला सांगा, "तुमची ताकद ४वरून ५ झाली" हे वाचून कोण ओरडेल? आकडा वाढणं आणि नवीन काहीतरी करता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक गेम पहिली देतात आणि दुसरी दिल्याचा आव आणतात. तुमच्या १५ ते ४०मध्ये खेळाडूला नव्याने काय *करता* येतं, याची यादी करा. यादी रिकामी निघाली तर एक्स्पीला कशाला बोल लावता?

बरं, आमचं. मी त्यात एक एनपीसी लिहिली, म्हणजे गेमनेच चालवलेलं पात्र. प्रॉन्टेरा शहराच्या चौकात उभी असलेली एक काकू. क्लायंटला, म्हणजे पोरांच्या मशीनवरच्या गेमला, देवनागरी झेपायची नाही, म्हणून काकू रोमन लिपीत मराठी बोलायची. "काय रे, जेवलास का?" हे तिचं पहिलं वाक्य. मग ती दहा जेलोपी मागायची, लोणचं घालायला. (जेलोपी ही वस्तू नक्की काय असते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पोरिंग हा सुरुवातीचा राक्षस मारला की पडते.) दहा आणून दिल्या की तीन सफरचंदं द्यायची आणि वर टोमणा मारायची. स्क्रिप्ट साधी टेक्स्ट फाइल असायची, जेलोपीचा नंबर ९०९, सफरचंदाचा ५१२, हे अजून पाठ आहे. बायकोचा मोबाइल नंबर मात्र बघून लावतो.

सफरचंदांची किंमत शून्य होती, तरी पोरं काकूकडे रोज जायची, कारण मी टोमणे बदलत राहायचो. आदल्या दिवशी कुणी तिसऱ्यांदा त्याच ठिकाणी मेला असेल, तर दुसऱ्या दिवशी काकूला ते माहीत असायचं. पोरांना वाटायचं काहीतरी भारी तंत्र आहे. तंत्र म्हणजे मी, रात्री दीड वाजता, नोटपॅडमध्ये.

आता मधली लेव्हल, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे. आमच्याकडे एक आठवीतला मुलगा होता, अ‍ॅकोलाइट घेतलेला. अ‍ॅकोलाइट म्हणजे इतरांना बरं करणारा. एकटा खेळायला लागला की बिचारा मारच खातो. हा तीन दिवस मार खाऊन सोडायच्या बेतात होता. पेयॉनच्या गुहेत एका झोंबीने त्याला कोपऱ्यात गाठलं, तेव्हा घाबरून त्याने शिफ्ट दाबलेलं असताना स्वतःऐवजी झोंबीवरच हील मारलं. आणि झोंबीचं रक्त *कमी* झालं. मेलेल्याला बरं केलं की तो मरतो! ते लिहिलेलं असतं कुठेतरी, पण त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. "दादा, हे बघ, हे बघ!" बाकीची मशीनं थांबली, सगळे त्याच्या मागे. पुढचे दहा दिवस त्या गुहेत त्याचं राज्य होतं. लेव्हल किती होती? तिशीच्या आत-बाहेर. तुमच्या गेममध्ये ज्या पट्ट्यात लोक पळतात, बरोबर त्याच पट्ट्यात.

हे आम्ही घडवलं नव्हतं, मूळ गेममध्येच होतं. पण ते सापडायला त्या गुहेत मार खात तीन दिवस घालवावे लागतात, हे मी मित्राला सांगत होतो आणि तो म्हणत होता, "अरे, खरा गेम ९९ला, शेवटच्या लेव्हलला, सुरू होतो. हे सगळं नुसतं वेटिंग रूम आहे."

एका शनिवारी मी डोंबिवलीला आत्याकडे गेलो होतो. सोमवारी आलो तर सर्व्हरवर जल्लोष. मित्राने सेटिंगच्या फाइलमध्ये बेस एक्स्पीचा रेट १००चा ५००० केला होता. १०० म्हणजे एकपट, हे तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या दिवशी पहिला ९९ झाला. आठवड्यात सात-आठ जण. चौकात सगळे भारी भारी टोप्या घालून उभे, जायला कुठे जागाच नाही. त्या अ‍ॅकोलाइटचा दोन दिवसांत प्रीस्ट, म्हणजे पुढची पायरी, झाला. त्याला घेऊन सगळे ग्लास्ट हाइमला, वरच्या लेव्हलच्या पडक्या किल्ल्यात, गेले, पहिल्याच फटक्यात तो मेला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, आता काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन आठवड्यांनी बाराच्या बारा मशीनवर परत काउंटर-स्ट्राइक. काकूकडे शेवटचे काही दिवस कुणी फिरकलं नाही. ९९च्या माणसाला सफरचंदं कशाला हवीत?

रेट परत खाली आणायचा प्रयत्न केला. पोरांनी मला शिव्या घातल्या. एकदा दिलेलं काढून घेता येत नाही, हे आधी लक्षात ठेवा आणि मग तुमच्या ‘तिप्पट’चा विचार करा. वाढवणं एका रात्रीत होतं.

मित्र अजून वाद घालतो. २०१४मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेमने नव्या एक्स्पान्शनसोबत (गेमच्या नव्या भागासोबत) थेट लेव्हल ९०ला नेणारा बूस्ट दिला, तेव्हा त्याचा मेसेज आला, "बघ, त्यांनाही कळलं." मी २०१९पर्यंत दम धरला. त्या ऑगस्टमध्ये वॉरक्राफ्ट क्लासिक आला, तोच जुना, ६०पर्यंतचा, संथ, आणि लोक लेव्हल १च्या पात्रासाठी लॉग-इनच्या रांगेत तासन्‌तास बसले. मी फक्त त्या रांगेचा फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावलाय.

एक गोष्ट रॅग्नरॉकने स्वतःच बिघडवलेली होती, आणि ती तुम्ही करू नका: लेव्हलमध्ये फार अंतर पडलं की पार्टीत, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटात, एक्स्पी वाटून घेता येत नाही. म्हणजे सुट्टीत गावाला जाऊन आलेला पोरगा परतला की त्याच्या मित्रांबरोबर खेळूच शकत नाही. तो गेलाच. सिटी ऑफ हीरोज या गेमने २००४मध्ये यावर साइडकिक काढला होता, खालच्या खेळाडूला जोडीदाराच्या जवळपासच्या ताकदीवर आणायचं. गिल्ड वॉर्स २ उलटं करतो, खालच्या भागात गेलात की तुम्हालाच खाली उतरवतो. फायनल फँटसी १४ सगळ्यात हुशार: वरच्यांनी रूलेटमधून (म्हणजे नशिबाने कुठलंही निघणाऱ्या सोडतीतून) जुन्या, खालच्या डन्जनमध्ये, राक्षसांच्या गुहांत, जावं म्हणून त्यांना रोज बक्षीस देतो, त्यामुळे नवख्याला सोबत मिळते आणि कुणावर उपकारही होत नाहीत. आम्ही गावठी पद्धतीने तेच केलं होतं. साठीच्या वरच्याने तिशीच्या आतल्याला पेयॉनच्या गुहेतल्या काकूच्या बहिणीपर्यंत जिवंत न्यायचं, वरच्याला एक ओल्ड ब्लू बॉक्स. त्यातून काय निघेल ते नशीब, म्हणून मोठी पोरं छोट्यांना अक्षरशः शोधत फिरायची. तुमच्याकडे माणसं पन्नासच आहेत, त्यामुळे पहिलं काम हेच करा.

आणि शब्दांकडे बघा. वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळात फार वेळ खेळलं की एक्स्पी निम्मा व्हायचा, लोक भडकले. मग त्याच हिशोबाला उलटं मांडलं, विश्रांती घेऊन आलात की दुप्पट. गणित जवळपास तेच, बोंबाबोंब बंद.

आता प्रामाणिकपणे दोन-तीन गोष्टी. तो रेट वाढला तेव्हा मे संपत आला होता. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, क्लासेस लागले, म्हणून पोरं कमी झाली असं मित्राचं म्हणणं आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. दुसरं, आमची गिऱ्हाइकं तेरा-चौदा वर्षांची होती, दुपारभर मोकळी. तुमची माणसं घोडबंदरहून अंधेरीला नोकरीला जाऊन रात्री दहाला लॉग-इन करत असतील, तर त्यांना तीन दिवस झोंबीचा मार खायला सांगणं क्रूर आहे. त्यांच्यासाठी दीडपट करा, दुप्पट करा, पण वेळ कमी करताना गुहा वगळू नका. तिसरं, सगळे राक्षस खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे वाढवायची जी फॅशन आहे, ती मला पटत नाही. ज्या पोरिंगने पहिल्या दिवशी घाम काढला त्याला महिन्याने एका फटक्यात उडवायचं सुख त्यात जातं.

कुठलाही रेट बदलायच्या आधी लॉग काढा. जे गेले त्यांचं शेवटचं लॉग-आउट कुठल्या नकाशावर झालं आणि त्या वेळी ते एकटे होते की पार्टीत, एवढंच बघा. बहुतेक एकटेच निघतील, असा माझा अंदाज आहे. आणि आधीच्या फाइलची कॉपी दुसऱ्या मशीनवर ठेवा, जिचा पासवर्ड तुमच्या त्या तीन मित्रांना माहीत नसेल.