समुद्रकिनाऱ्यावर नाणी शोधायला कोणता मेटल डिटेक्टर घ्यावा, गॅरेट एस ३०० की माइनलॅब व्हॅन्क्विश ४४०?

किनाऱ्यासाठी व्हॅन्क्विश ४४० घ्या. एस ३०० एकाच, ८ किलोहर्ट्‌झच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. ओल्या वाळूतल्या खारट पाण्यातूनही धातूसारखी वीज वाहते, त्यामुळे खाली काही नसताना तो वाजत राहतो. सेन्सिटिव्हिटी उतरवली की आवाज थांबतो, पण खोलवरचं नाणंही हुकतं. व्हॅन्क्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतो, म्हणून ओल्या वाळूतही बराच शांत असतो. कोरड्या मैदानात मात्र एस ३०० पुरेसा आहे, उगाच जास्त खर्च करू नका. दोन्हींची कॉइलच (जमिनीवरून फिरवायची चकती) तेवढी पाण्यात चालते, कंट्रोल बॉक्स नाही. आणि भारतात शोधणार असाल तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत सापडलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. संरक्षित किल्ल्यांवर तर विनापरवाना खणूच नका, तो गुन्हा आहे.