पदक जनीच्या घरी सापडलं होतं

प्रश्न : सहा वर्षं मी बचत गटाची खजिनदार. यंदा साडेचार हजारांचा मेळ लागेना, तर बायकांनी मलाच चोर ठरवलं. हळदीकुंकवालाही बोलावत नाहीत. सासूबाई म्हणतात, विठ्ठल बघून घेईल, तू गप्प बस. बसू का?

उत्तर : ताई, सासूबाईंचा विठ्ठल खरा, ‘गप्प बस’ मात्र त्यांनी पदरचं जोडलंय. जनाबाईची कथा आठवा. देवाचं पदक तिच्याकडे सापडलं, चोर म्हणून तिला सुळाकडे नेलं, आणि सुळाचं पाणी झालं म्हणतात. पण जनी गप्प राहणारी होती का? विठ्याला तोंडावर शिव्या घालणारी बाई ती!

तुम्हीही रात्री त्याच्याशी भांडा. सकाळी पासबुक भरून आणा, भरणा पावत्या महिन्यावार लावा आणि गावातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाकडे हिशेब तपासणी लेखी मागा. अर्जाची पोच घ्या.

माझ्या बहिणीवर असाच आळ होता. एका कर्जाचं व्याज वहीत दोनदा चढलं होतं, तीन महिन्यांनी सापडलं. माफी कुणी मागितली नाही. संक्रांतीला एकजण वाण घेऊन आली, उंबऱ्यातच उभी राहिली. बहिणीने पाट मांडला.